‘झोप येत नाही’ म्हणणारा रुग्ण

लालबाग-परळच्या चाळींतून आमच्या दवाखान्यात येणारा रुग्ण ‘मन आजारी आहे’ असे सहसा सांगत नाही. झोप येत नाही, भूक मेली, अंग जड झाले, पित्त उसळते, असे तो सांगतो. गिरगाव-दादरच्या वैद्यबंधूंचा अनुभवही निराळा नसावा. आपण नाडी पाहतो, जिव्हा पाहतो, अविपत्तिकर चूर्ण लिहून देतो. रुग्ण समाधानाने जातो आणि त्याचा विषाद त्याच्याबरोबरच घरी परततो.

आमच्याच हातून घडलेली एक चूक येथे नमूद करणे आम्ही कर्तव्य समजतो. पन्नाशी उलटलेले एक गृहस्थ तीन महिने निद्रानाशासाठी आमच्याकडे येत होते. वडील गिरणीत साच्यावर. १९८२ च्या संपात घर बसले, ते पुन्हा उभे करण्यात यांची उमेद गेलेली. पहाटे तीनला जाग येते आणि मग डोळा लागत नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते. रक्तदाबही थोडा वाढलेला. एका औषधात दोन कामे होतील, या हिशेबाने आम्ही सर्पगंधाघन वटी दिली. चौथ्या महिन्यात त्यांच्या पत्नी एकट्याच आल्या. “डॉक्टर, यंदा गणपतीत हे मंडळाकडे फिरकलेसुद्धा नाहीत. आणि परवा रात्री गच्चीवर एकटेच उभे होते.” लालबागचा माणूस गणपतीत मंडळाकडे फिरकत नाही, याहून स्पष्ट लक्षण कोणते हवे होते? त्याच दिवशी वटी बंद करून आम्ही त्यांना केईएमच्या मानसोपचार विभागात स्वतः घेऊन गेलो.

चरकसंहितेच्या उन्मादनिदानात मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा आणि आचार अशा आठ ठिकाणी विभ्रम पाहण्यास सांगितले आहे. हे गृहस्थ उन्मादी होते असे आमचे म्हणणे नाही. परंतु परीक्षणाच्या या आठ जागा कोणत्याही मनोविकारात उपयोगी पडतात. भक्ती म्हणजे आवड. ती कधीपासून आटली, हे आम्ही विचारलेच नाही. वाताच्या ऐंशी नानात्मज विकारांत अस्वप्न आणि विषाद हे दोन्ही आहेत. आम्ही पहिल्यावर औषध दिले, दुसऱ्याकडे पाहिले नाही. परीक्षेसाठी ही यादी आपण सर्वांनीच घोकलेली असते!

सर्पगंधेचा इतिहास तर आपल्या परळशीच निगडित आहे. बंगालमध्ये गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली उन्माद व रक्तदाब या दोन्हींत तिचा उपयोग नोंदविला. पुढे केईएम रुग्णालयाचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये रक्तदाबावरील आपले निरीक्षण प्रसिद्ध केले आणि ही वनस्पती जगभर पोहोचली. १९५२ मध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळे काढण्यात आले. त्यानंतर ते घेणाऱ्या काही रुग्णांत खोल नैराश्य आढळू लागले. हा दोष औषधाचाच किती, यावर आज मतभेद आहेत. तरी ज्याला नैराश्य आहे वा पूर्वी होते, त्याला रिसर्पिन देऊ नये असा इशारा त्या औषधाच्या माहितीपत्रकात असतो. मूळ वनस्पती देताना आपण तो विसरावा, याला काहीच आधार नाही.

औषधालयाच्या मालकांना येथे विशेष विनंती आहे. चिठ्ठीशिवाय सर्पगंधेची तिसरी बाटली मागणारा ग्राहक हा आपला नेहमीचा ग्राहक म्हणून सोडून देऊ नये. पहाटे लवकर जाग येते का, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत मन लागते का, एवढे दोन प्रश्न गल्ल्यावरूनही विचारता येतात. उत्तर संशयास्पद वाटल्यास बाटली न देता वैद्याकडे पाठवावे. वैद्याने मात्र तिसरा प्रश्नही विचारावा: जीव नकोसा होतो का? असे विचारल्याने नसता विचार डोक्यात शिरतो, ही भीती निराधार आहे. बहुतेकांना कोणीतरी विचारले याचाच दिलासा वाटतो. उत्तर ‘होय’ आले तर रुग्णाला एकटे घरी पाठवू नये. मानसोपचारतज्ज्ञांची औषधे चालू असतील, तर ती आपल्या सल्ल्याने अचानक बंद करवू नयेत. सत्त्वावजय त्यांच्या जोडीने चालू शकतो.

२०२२ पासून ‘टेली-मानस’ ही शासकीय दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. तेथे मराठीतही बोलता येते. आम्ही हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून औषधे देण्याच्या खिडकीशी लावला आहे, सर्पगंधेच्या बाटल्या ठेवतो त्याच फळीखाली.