पट्टा बिघडला नाही, कोरडा आहे!



मागच्या हिवाळ्यात मी छातीला बांधायचा हार्ट रेट पट्टा घेतला. सकाळी इंझोरीहून मानोऱ्याच्या दिशेने रमतगमत धावायला निघालो. पाचच मिनिटांत मोबाईलवर ठोके दिसले १९८! दम लागलेला नाही, सोबतच्या मित्राशी गप्पा चालू आहेत, आणि आकडा बघून मात्र घाम फुटला. पट्टा घेऊन दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "पीस खराब असेल भाऊ, कंपनीला पाठवतो." पंधरा दिवसांनी पट्टा जसा गेला तसाच परत आला. त्यात बिघाड नव्हताच, तो फक्त कोरडा होता. ते दुकान मी सोडलं.

म्हणून माझं स्पष्ट मत सांगतो. फिटनेसचं सामान विकायचं असेल, तर आधी ते महिनाभर स्वतःच्या अंगावर वापरा. किमतीत तुम्ही ऑनलाइनशी लढू शकणार नाही. पण "चालत नाही" म्हणून आलेलं गिऱ्हाईक दहा मिनिटांत हसत परत पाठवणं, हे ऑनलाइनवाल्याला जमत नाही. तुमचा धंदा तिथेच आहे.

यंत्र चालतं कसं, ते समजून घ्या. छातीचा पट्टा हृदयाचे विजेचे संकेत पकडतो. त्यासाठी कातडी आणि पट्टा यांच्यात ओलावा लागतो. आपल्याकडच्या कोरड्या थंडीत घाम उशिरा येतो. त्यात सिंथेटिक टी-शर्ट अंगावर घासून स्थिर वीज तयार होते, आणि आकडा उड्या मारतो. घाम आला की तोच पट्टा शहाण्यासारखा वागतो.

मनगटावरच्या घड्याळाचं तंत्र वेगळं. ते हिरवा प्रकाश टाकून रक्ताचा प्रवाह बघतं. घड्याळ सैल असेल तर हलतं आणि ठोक्यांऐवजी पावलांची लय पकडतं. धावताना मिनिटाला १६० ते १८० पावलं पडतात. आरामात धावतानाही घड्याळ नेमका तेवढाच आकडा दाखवत राहिलं, तर शंका घ्या. ते हाडाच्या वर दोन बोटं सरकवा आणि पट्टा थोडा आवळा.

छातीच्या पट्ट्याची तक्रार आली तर काउंटरवर या क्रमाने तपासा:

१. पट्ट्याच्या आतल्या बाजूचे इलेक्ट्रोड पाण्याने ओले करा.
२. पट्टा छातीच्या खालच्या बाजूला सरळ आणि घट्ट बसलाय का बघा.
३. आकडा मधेच गायब होतो? नाण्यासारखा सेल बदला. बहुतेक वेळा सीआर २०३२ किंवा सीआर २०२५ लागतो, दोन्ही दुकानात ठेवा. धावून आल्यावर यंत्र ओल्या पट्ट्यावरून काढायला सांगा, नाहीतर ते चालूच राहतं आणि सेल संपतो.
४. पट्टा सापडतच नाही? घरातल्या दुसऱ्या मोबाईलला ब्लूटूथने जोडलेला असू शकतो.
५. घामाचं मीठ साचलं असेल तर यंत्र काढून पट्टा कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवा.

शेवटी खात्री करा. गिऱ्हाइकाला बसवा, मनगटावर दोन बोटं ठेवून १५ सेकंद नाडी मोजायला सांगा आणि त्याला ४ ने गुणा. पट्ट्याचा आकडा जवळपास तेवढाच आला की पट्टा ठीक. यासाठी एक रुपयाही खर्च नाही.

आता दोन गोष्टी ज्या विकण्यापेक्षा महत्त्वाच्या आहेत.

पहिली, डॉक्टर बनू नका. "२२० वजा वय" हा कमाल ठोक्यांचा फक्त अंदाज आहे. माणसागणिक त्यात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. उन्हात त्याच वेगाने धावलं तरी ठोके वाढतात. म्हणून आकडा दाखवून कुणाला घाबरवू नका. पण छातीत दुखतंय, चक्कर येते, किंवा शांत बसल्यावरही बोटाने मोजलेली नाडी फार जोरात आहे, असं कुणी म्हटलं तर सेल बदलत बसू नका. त्याला लगेच डॉक्टरकडे पाठवा. यंत्र बरोबरही असू शकतं.

दुसरी, नको असलेल्याला विकू नका. पोलीस भरतीची तयारी करणारा मुलगा येईल. त्याला १६०० मीटर वेळेत काढायचंय, मुलींना ८०० मीटर. तिथे गुण वेळेला आहेत, ठोक्यांना नाहीत. घरचे पैसे काढून आलेल्या त्या पोराला सांगा, "आधी चांगले बूट घे, वेळ मोबाईलवर लाव." आज तुमची एक विक्री बुडेल. पण उद्या तोच चार मित्रांना घेऊन तुमच्याकडे येईल.

या आठवड्याचा गृहपाठ: तुम्ही जे विकता किंवा विकणार आहात, त्याच्या नेहमीच्या पाच तक्रारी आणि त्यांचे उपाय एका कागदावर लिहा. पाच लिहिता आल्या नाहीत, तर अजून माल भरू नका.