शिकाऊ डॉक्टर नको, मग सर्जन आणायचा कुठून?



आपल्या जिल्ह्यात कुणाचं पोट दुखायला लागलं की नातेवाईकांचं पहिलं वाक्य ठरलेलं: "शिकाऊ पोराला हात लावू देऊ नका, मोठ्या सरांना बोलवा." पुढारी फोनवरून हाच दम देतात. आणि तीच माणसं दुसऱ्या दिवशी विचारतात, पुसद, वणी, उमरखेडचा पेशंट यवतमाळला आणि यवतमाळचा नागपूरला का पाठवतात?

अहो, दुखणं एकच आहे.

सर्जरीचं एमएस तीन वर्षांचं. टाके घालायला, गाठ मारायला हात लवकर बसतो. खरी अडचण वेगळीच. रात्री दोनला पोट लाकडासारखं कडक झालेला शेतमजूर येतो. आतडं फुटलंय की स्वादुपिंडाला सूज आहे? फुटलं असेल तर वेळ न घालवता पोट उघडायचं, सूज असेल तर बहुतेक वेळा चाकू लांबच ठेवायचा. हे ठरवणं नुसत्या पुस्तकातून येत नाही. ज्याला तीन वर्षं "सर काय म्हणतात" एवढंच विचारायची सवय लागली, तो उद्या दारव्ह्याला एकटा बसला की रेफरची चिठ्ठीच फाडणार. त्याला दोष कसा द्यायचा?

उलटं टोकही मला मान्य नाही. अख्खा वॉर्ड निवासी डॉक्टरावर टाकून वरिष्ठ घरी झोपले, तर ते शिकवणं नाही, वाऱ्यावर सोडणं आहे. आणि नातेवाईकांचा मार खायला पुढे तोच पोरगा. नियमांतला शब्द आहे टप्प्याटप्प्याने वाढणारी जबाबदारी. म्हणजे मी काय करणार आणि का, हे आधी पोराने (पोरीनेही!) सांगायचं, मग सरांनी तपासायचं. सर हाकेच्या अंतरावर हवेतच, पण तोंड आधी उघडायचं शिकणाऱ्याने.

२०२३ च्या नियमांत पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा पातळीवर काम सक्तीचं आहे. चांगलंच आहे. पण तिथे त्यांना ओपीडीची गर्दी उपसायलाच बसवलं, तर ते तीन महिने पाण्यात.

यवतमाळला १९८९ पासून शासकीय मेडिकल कॉलेज आहे. लोकप्रतिनिधींनो, इमारत आणि मशीनवर बोलता, तसं एकदा हेही विचारा: रात्रीच्या इमर्जन्सीत वरिष्ठ सर्जन किती वाजता आले, याची नोंद होते का? निवासी डॉक्टरांच्या लॉगबुकात 'मदत केली' किती आणि 'स्वतः ठरवून केलं' किती?

उत्तर मिळालं की इथेच टाकतो.