उतारावरची भाषा: नवख्याने काय शिकावे, काय सोडून द्यावे

प्रत्येक खेळाची एक बोली असते आणि ती बाहेरच्याला प्रथम परकीच वाटते. हिवाळ्यात गुलमर्ग किंवा औली येथे स्कीइंग, स्नोबोर्डिंग शिकायला जाणाऱ्या मराठी तरुणांवर ही बोली एकाच दिवसात कोसळते. यातले सारे शब्द एका मापाने मोजू नयेत, असे आमचे मत आहे. काही शब्द जीव वाचवणारे, काही शिकवणारे, तर काही निव्वळ टवाळीचे असतात.

ही परिभाषा मुळात इंग्रजी नाही, हे आधी ध्यानात घ्यावे. 'स्की' हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतला. त्याचा अर्थ चिरलेले लाकूड. 'स्लॅलम' नॉर्वेच्या बोलीतून आला: 'स्ला' म्हणजे उतार आणि 'लोम' म्हणजे माग. गुडघा वाकवून घेतल्या जाणाऱ्या वळणाला 'टेलिमार्क' हे नाव नॉर्वेतील प्रांतावरून पडले. त्याच प्रांतातल्या मोर्गेदाल गावचे सोंद्रे नोरहाइम यांना आधुनिक स्कीइंगचे जनक मानतात. 'पिस्त' फ्रेंच, 'शूस' जर्मन. उतारावरच्या उंचवट्यांना 'मोगल' म्हणतात, त्याचा दिल्लीच्या मोगलांशी संबंध नाही. तो शब्द बहुधा ऑस्ट्रियाकडच्या बोलीतील टेकाडवाचक शब्दावरून आला असावा. डोंगरातल्या बोलींचे शब्द जगभर गेले, कारण त्या शब्दांबरोबर एक कसब गेले. कसब ज्याचे, शब्द त्याचा. अडकित्ता आणि तूप हे शब्द कन्नडमधून घेऊन घरोघर वापरणाऱ्या मराठीला हे नव्याने सांगण्याची गरज नाही.

आता जिवाशी गाठ असलेले शब्द. युरोपात निळी पिस्त सोपी, लाल मध्यम आणि काळी अवघड. उत्तर अमेरिकेत लाल रंगच नाही. तेथे हिरवे वर्तुळ सोपे, निळा चौकोन मध्यम आणि काळा हिरा अवघड. म्हणजे युरोपात निळ्यावर शिकलेला माणूस अमेरिकेत निळ्यावर गेला, तर तो एक पायरी वर चढलेला असतो. 'ऑफ-पिस्त' म्हणजे आखलेल्या मार्गाबाहेरचा भाग. गुलमर्गला गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्याने अफरवटकडे गेल्यावर भोवती पसरलेला असतो तो बहुतांशी असाच डोंगर, आणि तेथे हिमस्खलनाचा धोका खरा असतो. हा शब्द न कळणे म्हणजे केवळ अज्ञान नव्हे, तो अपघात आहे. पुढे, म्हणजे खाली, असलेल्या माणसाला जपण्याची जबाबदारी मागून येणाऱ्याची, हा आंतरराष्ट्रीय नियमही याच यादीत हवा.

शिकवणारे शब्द मात्र गोड आहेत. स्कीची टोके जवळ आणि मागची बाजू फाकलेली, असा त्रिकोण झाला की 'पिझ्झा': वेग कमी. दोन्ही स्की समांतर ठेवल्या की 'फ्रेंच फ्राइज': वेग वाढला. स्नोबोर्डवर डावा पाय पुढे असेल तर 'रेग्युलर', उजवा असेल तर 'गूफी'. हे शब्द लाटांवरच्या सर्फिंगमधून आले. 'गूफी' म्हटले म्हणून कोणी वेडगळ ठरत नाही.

उरले टवाळीचे शब्द. पडल्यावर स्की, काठ्या, टोपी चहूकडे विखुरली की 'यार्ड सेल', म्हणजे अंगणात मांडलेला जुन्या सामानाचा बाजार. यावर पडणाराही हसतो. पण नवख्याला 'गेपर' किंवा 'जेरी' म्हणून हिणवणे हा निराळा प्रकार आहे. तेथे शब्द दार उघडत नाही, कडी लावतो. असे शब्द ओळखावेत, मिरवू नयेत.

राहता राहिला मराठीचा प्रश्न. स्लॅलम, टेलिमार्क यांना प्रतिशब्द घडवण्याचा अट्टहास आम्ही करणार नाही. अडचण दुसरीकडे आहे. आपल्या बोलण्यात आभाळातून पडणारा, तळ्यावर गोठणारा आणि सरबतात घालायचा, तिन्ही 'बर्फ'च. उतारावर मात्र या भेदावर तोल अवलंबून असतो. म्हणून वर्णनाचे शब्द आपलेच वापरावेत. 'पावडर' म्हणजे भुसभुशीत बर्फ. वसंतात दिवसा वितळून रात्री गोठणारा 'कॉर्न' म्हणजे रवाळ बर्फ. तुपासाठी हा शब्द आपल्याकडे आहेच. वर कडक थर आणि खाली मऊ असेल, तर खपली धरलेला बर्फ. यंत्राने रेघा ओढलेला 'कॉर्डुरॉय' म्हणजे सरी पाडलेला उतार.

नाव परके असले तरी चालेल, समज मात्र मायबोलीत हवी. पाय घसरू लागतो त्या क्षणी माणसाला शब्दकोश उघडता येत नाही. जो शब्द मनात आधीच मुरलेला असतो, तोच सावरतो.