शादलुईला सोडलं, आणि बरोबरच केलं!

31 ऑक्टोबरला दिल्लीत पुणेरी पलटण फायनल हरली. 31-28, फक्त तीन गुणांनी. तेव्हापासून कराडपासून इस्लामपूरपर्यंत प्रत्येक ग्रुपवर एकच रडगाणं: "शादलुईला सोडायलाच नको होतं."

मंडळी, जरा हिशोब मांडूया.

2023 च्या लिलावात पुण्यानं इराणच्या मोहम्मदरेझा शादलुईला 2 कोटी 35 लाखांना घेतलं. संघाकडं खर्चायला एकूण 5 कोटी. म्हणजे जवळपास निम्मा पैसा एका गड्यावर. डाव लागला. 1 मार्च 2024 ला हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला 28-25 असं हरवून पलटण पहिल्यांदा चॅम्पियन झाली.

मग पलटणनं त्याला सोडलं. हरियाणानं 2 कोटी 7 लाखांना उचलला आणि 29 डिसेंबर 2024 ला तेच हरियाणा चॅम्पियन. तेही आपल्या बालेवाडीत! पलटण त्या वर्षी प्लेऑफलाही नव्हती. सगळ्यांच्या डोक्यात बसलंय ते एवढंच.

पण त्याच हंगामात कॅप्टन अस्लम इनामदार दुखापतीनं बाहेर गेला होता, ते कोण बोलणार? डाव्या कोपऱ्यात शादलुई असता तरी अस्लमच्या चढाया कुणी करायच्या होत्या?

पुढचं वर्ष बघा. 2025 ला गुजरातनं शादलुईसाठी 2 कोटी 23 लाख मोजले. गुजरात पहिल्या आठातसुद्धा आलं नाही. आणि त्याच्याशिवाय पलटण? साखळीत अव्वल, थेट फायनलपर्यंत. अस्लम, पंकज मोहिते, गौरव खत्री, अबिनेश ही सांभाळून ठेवलेली पोरंच त्यात पुढं होती.

कुणी म्हणेल, हरियाणाला कसा फळला मग? कारण हरियाणाचा संघ आधीच उभा होता, वर्षभरापूर्वी फायनल खेळलेला. तयार घरावर कळस चढतो, मोकळ्या माळावर नाही. "मग पुण्याचंही घर तयारच होतं की," हेही ऐकलंय. होतं ना. पण चॅम्पियन संघातल्या पोरांचे भाव चढतातच. 5 कोटीतले 2 कोटी एकाला दिले, तर उरलेल्या 3 कोटीत अख्खा संघ बसवायचा. कळस ठेवायचा का भिंती, हे ठरवावंच लागतं.

यू मुंबाचंही असंच झालं होतं. आपल्या शेजारच्या चंदगडचा सिद्धार्थ देसाई 2018 ला 36 लाख 40 हजारांत घेतला, त्यानं चढायांत 200 च्या वर गुण काढले. सोडला, तेव्हा महाराष्ट्रभर शिव्या पडल्या. तेलुगू टायटन्सनं 1 कोटी 45 लाख दिले. 2019 ला सिद्धार्थ तिकडंही जोरात खेळला, पण टायटन्स तळाजवळ, आणि यू मुंबा सेमीफायनलला. आठवतंय का?

निकाल लागल्यावर शहाणपण सगळ्यांनाच सुचतं. लिलावाच्या दिवशी समोर काय होतं, त्यावर निर्णय तोला.

आता आपल्या घरचं बोलू. कासेगावच्या काशिलिंग आडकेवर 2017 ला यू मुंबानं 48 लाखांची बोली लावली, तेव्हा वाळवा तालुक्यात केवढा आनंद! पुढच्या वर्षी तो यू मुंबात नव्हता. लिलाव असाच असतो, आज डोक्यावर, उद्या बाहेर. म्हणून जो संघ पोरांना तीन-चार वर्षं धरून ठेवतो, त्याला शिव्या घालू नका. आपल्या गावातल्या पोराला उद्या तसाच संघ लागणार आहे.

आणि पलटणला नावं ठेवणारी आपली मंडळं काय करतात? जत्रेच्या स्पर्धेला बाहेरून दोन नावाजलेले गडी पैसे देऊन आणायचे, ट्रॉफीसोबत फोटो काढायचा, आणि वर्षभर पहाटे मैदानावर घाम गाळणारा गावातला पोरगा राखीव! ट्रॉफी येते, संघ उभा राहत नाही. दोन वर्षांनी तो पोरगा कबड्डी सोडून कंपनीत लागतो.

या हंगामात एक तरी मंडळ सात गडी गावचेच उतरवणार आहे का? नाव कमेंटमध्ये लिहा. त्यांची मॅच बघायला आम्ही स्वतः येतो.