इश्यू काय आहे?

शनिवार सकाळ, दुसरा चहा, आणि आठवडाभर डोक्यात घोळणारा एक शब्द. इश्यू.

तसा साधा शब्द. आमच्या धंद्यात तर दिवसातून पन्नास वेळा कानावर पडतो. बिल्ड होत नाहीये, इश्यू आहे. क्लाएंट चिडलाय, इश्यू आहे. कँटीनमधे पोहे संपले, तरी इश्यूच. पण परवा ह्या शब्दाने मला चांगलंच तोंडावर पाडलं. ते सांगतोच, पण आधी थोडं शब्दाबद्दल.

इश्यूचं मूळ लॅटिनमधे, 'बाहेर जाणे' ह्या अर्थाच्या क्रियापदात. एक्झिटही त्याच घरातला. मधे जुन्या फ्रेंचमधून फिरून तो इंग्रजीत आला. हे एकदा कळलं की त्याचे सगळे अर्थ पटापट जागेवर बसतात. मासिकाचा इश्यू म्हणजे अंक, छापखान्यातून बाहेर पडलेला. शेअर्सचा इश्यू, कंपनीने बाहेर काढलेला. लायब्ररीतून पुस्तक इश्यू होतं, पासपोर्टवर डेट ऑफ इश्यू असते. आणि मूलबाळ म्हणजेही इश्यूच! लग्नाच्या जाहिरातीत 'घटस्फोटित, इश्यूलेस' वाचून कॉलेजात असताना मला वाटलं होतं की बाईंची कशाबद्दलच काही तक्रार नाहीये. केवढी चांगली मुलगी!

मराठीत आणताना आपण त्याचं अजून एक केलंय. 'पुस्तक इश्यू केलं' आणि 'पुस्तकाचा इश्यू केला' ह्यात फरक फक्त एका 'चा'चा. पहिल्यात ग्रंथपाल शिक्का मारतो, दुसऱ्यात भांडण होतं. ज्यांना मराठीत व्याकरण उरलं नाही असं वाटतं, त्यांनी ह्यावर जरा विचार करावा.

सगळ्यात नेमका अर्थ मला कोर्टात सापडला. आमच्या आबांचा बांधावरून दिवाणी दावा होता, बरीच वर्षं चालला. एका तारखेला वकीलसाहेब म्हणाले, "आज मुद्दे काढणार." मला वाटलं भाषण करणार! तर तसं नव्हे. १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश १४ ह्याच कामासाठी आहे. एका पक्षाने ठामपणे मांडलेली आणि दुसऱ्याने नाकारलेली महत्त्वाची बाब म्हणजे इश्यू. अशा प्रत्येक बाबीचा वेगळा मुद्दा काढायचा. निकालपत्रात मग एका बाजूला मुद्दे, समोर निष्कर्ष: होकारार्थी, नकारार्थी. आबांना इंग्रजी येत नव्हतं, पण आपले मुद्दे किती आणि कुठले ते त्यांना तोंडपाठ होते. बांध कुणी कोरला? कधी कोरला? बस्स.

ह्याउलट आमच्याकडे. बगझिला नावाच्या जुन्या प्रणालीत सगळ्याच नोंदींना बग म्हणायचे, नवीन सुविधा मागितली तरी बग. ते निदान विनोदी होतं. मग २००२मधे जिरा आलं (जिऱ्याशी संबंध नाही, गॉडझिलाचं जपानी नाव गोजिरा, त्याचं हे शेपूट) आणि सगळ्याचं इश्यू झालं. चूक असो, मागणी असो, नुसती शंका असो. अलीकडे त्यांनी ते नाव बदलून वर्क आयटम केलंय, पण आमच्या तोंडातून इश्यू काही जात नाही. त्यातच नोकरीच्या सुरुवातीला एका ट्रेनिंगमधे आम्हाला शिकवलं होतं की क्लाएंटला प्रॉब्लेम म्हणायचं नाही, तो घाबरतो. इश्यू म्हणा. तेव्हापासून आमच्या हातून काही बिघडत नाही. फक्त इश्यू येतात, पावसासारखे, आपोआप.

आता परवाचं. आमच्या टीममधला एक मुलगा, मूळचा लातूरकडचा, रोजच्या सकाळच्या मीटिंगमधे म्हणाला, "सर, थोडे फॅमिली इश्यूज आहेत, दोन दिवस उशिरा लॉगिन करतो." मी म्हटलं, "नो इश्यूज, टेक केअर." इश्यूला इश्यूने उत्तर. दोघंही मराठी, बरं का! दोनाचे दहा दिवस झाले. त्याची दोन कामं रखडली तेव्हा मी थोडा आवाज चढवून फोन केला. मागे कसलीशी बीप बीप ऐकू येत होती. वडिलांना पक्षाघाताचा झटका येऊन गेलेला, उजवी बाजू गेलेली, आणि हा रात्री हॉस्पिटलात बसून दिवसा माझे इश्यू क्लोज करत होता.

तो जर म्हणाला असता "वडील आजारी आहेत", तर मी पुढे विचारलंच असतं की काय झालं, कुठे ठेवलंय, सोबत कोण आहे. आपल्याकडे असं वाक्य ऐकून गप्प बसणारा माणूस विरळा. इश्यू म्हटल्यावर मात्र विचारायची सोयच उरत नाही, विचारलं तर खाजगीत नाक खुपसल्यासारखं वाटतं. बायको म्हणाली, "अरे, त्याला सांगायचं नसेल म्हणून तर तो शब्द वापरला." पटण्यासारखं आहे. साहेबासमोर घरचं गाऱ्हाणं मांडायला सगळ्यांनाच जमत नाही, तेवढा आडोसा माणसाला हवाच. पण मी त्याला नंतर विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "सर, मीटिंगमधे मराठीत काय सांगणार? आणि इंग्रजीत दुसरं काही सुचलं नाही."

म्हणजे आडोसा वगैरे काही नव्हता. शब्द नव्हता, एवढंच.

त्याची कामं मी दुसऱ्याला दिली. काल फोन केला, ह्यावेळी मराठीत. म्हटलं, "बाबा कसे आहेत?" तर म्हणाला, "बरे आहेत. डाव्या हाताने चहा पितात आता. सांडतो थोडा, पण कुणाला धरू देत नाहीत."