बॅटरी नवी, तरी गाडी मुकी

चिपळूणजवळच्या गावातून एक भगिनी सलामनंतर लिहितात : ‘आमची मारुती ८०० जुनी आहे, २००४ सालची. गेल्या दोन महिन्यांत चार वेळा चालता चालता बंद पडली. मीटरचे दिवे, वायपर, सगळे एकदम गेले. पाच-दहा मिनिटांनी काही न करता पुन्हा सुरू झाली. दोनदा बॅटरी बदलली. पती आखातात नोकरीला आहेत आणि सासऱ्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला मलाच न्यावे लागते. गाडी विकून टाकू का?’

भगिनी, विकण्याची घाई नको. तिसरी बॅटरी तर मुळीच घेऊ नका.

चालत्या गाडीला वीज मुख्यतः बॅटरी देत नाही, आपले मिस्त्री ज्याला डायनामो म्हणतात तो देतो. बॅटरीचे मोठे काम स्टार्टर फिरवण्याचे. उलट, डायनामो मध्येच थांबला तरी चांगली बॅटरी गाडीला काही अंतर नेते, अंधार एकदम होत नाही. म्हणजे दोन्ही पुरवठे एकाच क्षणी मरायचे आणि दहा मिनिटांनी दोघेही जिवंत व्हायचे, हे पटण्यासारखे नाही. दोष पुरवठ्यात नसून वाटेत आहे. कुठेतरी सांधा ढिला आहे किंवा गंजला आहे. गरम झाला, हादरला की सुटतो. थंड झाला की चिकटतो.

तो शोधण्यासाठी आधी एक गोष्ट गाडी धड असतानाच पाहून ठेवा : चावी काढलेली असताना तुमच्या गाडीचा हॉर्न वाजतो का, हेडलाइट लागतात का? बऱ्याच जुन्या गाड्यांत त्यांना वीज चावीच्या स्विचला वगळून येते. तुमच्याही गाडीत तसे असेल, तर पुढच्या वेळी गाडी बंद पडताच हॉर्न दाबा. हॉर्न वाजतो पण मीटर काळे, तर संशय चावीच्या स्विचवर. हॉर्नही मुका, तर बॅटरीचे टर्मिनल, मुख्य फ्यूज आणि अर्थिंग पाहायचे. एवढी एक माहिती दिली तरी मिस्त्रीचा अर्धा दिवस वाचतो.

टर्मिनलचे काम घरी होते. हातातल्या बांगड्या, अंगठी आधी काढा. पान्याबरोबर धातू चिकटला तर भाजते. बहुधा दहा नंबरचा पाना लागतो. चावी काढून आधी मायनसची तार सोडवा, मग प्लसची. जोडताना उलट, प्लस आधी. पांढरा-हिरवट भुगा असेल तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा (बॅटरीची झाकणे घट्ट हवीत, सोडा आत जाता कामा नये), पॉलिश पेपरने शिसे चमकेपर्यंत घासा, घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा. टर्मिनल हाताने जरासेही फिरले, तर ते ढिले आहे असेच समजा.

अर्थिंगकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही, आणि कोकणच्या दमट, खाऱ्या हवेत तिथेच दोष सापडण्याची शक्यता मोठी. बॅटरीच्या मायनसची तार बॉडीला आणि इंजिनच्या भागाला बोल्टने जोडलेली असते. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसते, त्यामुळे ही तार निकामी झाली की विजेला परतीची सरळ वाट उरत नाही. मग ती ॲक्सिलरेटरच्या केबलमधूनही वाट काढते. स्टार्टर मारल्यावर अशी केबल गरम लागली, तर अर्थिंग गेले आहे यात शंका नको. बाहेरून तार छान दिसते, पण प्लॅस्टिकखाली तांबे हिरवे पडून कुजलेले असते.

मिस्त्रीकडे मल्टिमीटर असेल तर एक चाचणी करायला सांगा. एक काडी बॅटरीच्या मायनस खुंटावर, म्हणजे क्लॅम्पवर नव्हे तर शिशावरच, आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर. स्टार्टर फिरताना काटा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर तार बदला. तशीच चाचणी बॉडीवर काडी ठेवून, हेडलाइट आणि वायपर चालू करून घ्या; तिथे तर काटा जेमतेम हलायला हवा. मात्र इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून डायनामो तपासण्याची जुनी पद्धत कोणी वापरू लागला, तर हात धरा. त्यात डायनामोचे डायोड आणि एमपीएफआय गाडीचा कॉम्प्युटर जळू शकतो.

हॉर्न वाजत असेल, तर गाडी उभी करून, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवून चावी हलकेच डावी-उजवीकडे हलवा. इंजिन अडखळले तर स्विचच झिजला आहे. चावीला घराच्या, कपाटाच्या चाव्यांचा झुबका असेल तर तो आजच काढा. नंतर बसवलेले सेंट्रल लॉक, अलार्म, टेप यांचे पिळून टेप गुंडाळलेले सांधेही पाहा. काही अलार्म तर इग्निशनची तारच मधून तोडून बसवलेले असतात.

फ्यूज जळाला तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. तार गुंडाळून काम भागवणाऱ्याला गाडी देऊ नका, आग लागते.

आणि दोष सापडेपर्यंत सासऱ्यांना रिक्षाने किंवा शेजारच्या गाडीने न्या, रात्री घाटात तर ही गाडी नकोच. तरीही चालताना बंद पडलीच, तर चावी पूर्ण मागे फिरवून काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल. ब्रेक जड लागतील, पण लागतील. पाय उचल-दाब न करता एकदाच जोर लावून दाबून धरा आणि गाडी डावीकडे घ्या. डॅशबोर्डच्या कप्प्यात एक छोटी वही ठेवा : किती किलोमीटरनंतर बंद पडली, इंजिन गरम होते का, खड्डा होता का, पाऊस होता का, हॉर्न वाजला का. मिस्त्रीकडे गेल्यावर गाडी बहुधा शहाण्यासारखी चालेल, तेव्हा हीच वही त्याच्या हातात द्या.