उजनीच्या पाण्याला उंच काठाची होडी हवी

२१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात कुगाव ते कळाशी प्रवासात वादळी वाऱ्याने बोट उलटली आणि सहा जण बुडाले. ती प्रवासी बोट होती, पण त्याच पाण्यावर रोज जाळी टाकणाऱ्यांनाही तेच वारं सोसावं लागतं. भीमेवरचं हे धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. इतक्या विस्तीर्ण उघड्या पाण्यावर वाऱ्याला लाट वाढवायला लांब अंतर मिळतं, म्हणून गावतळ्यात चालणारी सपाट बुडाची उथळ होडी इथे चालत नाही. अॅल्युमिनियमची होडी घ्यायची तर इंजिनाच्या ताकदीआधी काठाची उंची पाहावी, पुढचं बूड लाट कापणारं असावं आणि बाकांखाली बंद फोम भरलेला असावा. सपाट बूड शांत पाण्यात स्थिर वाटतं, हे खरं. लाटेवर मात्र ते आपटतं आणि पाणी आत घेतं.

अॅल्युमिनियम महाग आहे, हा आक्षेप रास्त आहे. मात्र त्याचं वजन पोलादाच्या जेमतेम एक तृतीयांश असतं, ते लोखंडासारखं गंजत नाही आणि दोन माणसं छोटी होडी काठावर ओढू शकतात. प्रश्न तरंगण्याचा आहे: धातू बुडतोच, पाणी भरलेली होडी तरंगते ती आतल्या फोममुळे. अमेरिकेत वीस फुटांखालच्या बहुतेक मोटरबोटींनी पाणी भरल्यावरही तरंगत राहावं, असा नियम आहे. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतून होड्यांना अनुदान मिळतं; ते देताना हीच अट घालावी.